उलटा प्रश्न

“तुमचं नाव तवनाप्पा ना?”

“व्हय.”

माझ्या हातातला टॉर्च खाली पडता पडता राहिला. आठ दिवस ह्या माणसाच्या तोंडून कण्हण्यापलीकडे आवाज निघाला नव्हता. उजवा हात, उजवा पाय निर्जीव, तोंड डावीकडे ओढलेलं, डोळे उघडे पण कुणावरच न ठरणारे. आणि आज सकाळी सव्वाआठला, मी डोळ्यांच्या बाहुल्या तपासून टॉर्च बंद करते न करते तोच, स्वच्छ, ठणठणीत “व्हय”.

मी घाईघाईने पुढचं विचारलं. “हे इचलकरंजी ना आबा?”

“व्हय.”

“आणि ह्या कोण? अक्काताई ना? तुमच्या मंडळी ना ह्या?”

“व्हय.”

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या अक्काताईंनी तोंडात पदर कोंबला आणि त्या मटकन खाली बसल्या. मग उठल्या आणि त्यांनी मला मिठीच मारली. त्यांच्या अंगाला कापूर आणि साबणाचा वास येत होता. “पोरी, तू बोलतं केलंस गं ह्यास्नी,” म्हणाल्या. मी तेवीस वर्षांची, मनमाडहून इथे येऊन पाच महिने झालेले, आणि कुणी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी खुळ्यासारखी रडले.

मग डोळे पुसून मी नोंद केली. तेव्हा आम्ही सगळं इंग्रजीत लिहायचो, पण त्याचा अर्थ असा : रुग्ण शुद्धीवर. नाव, गाव, माणसं ओळखतो. हो-नाही भरवशाचं. खाली सही, शै. पगारे.

कुरणे सिस्टर आमच्या वॉर्डच्या इनचार्ज. साडेपाच फूट उंच, आवाज भोंग्यासारखा, आणि नोंदी वाचताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी माझी ओळ वाचली आणि विचारलं, “उलटे प्रश्न विचारलेस?”

पक्षाघाताच्या रुग्णाला तपासताना ज्याचं उत्तर ‘नाही’ असायला हवं, असे दोन-तीन प्रश्न विचारायचेच, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तुमचं नाव अमकंतमकं का, असं भलतंच नाव घेऊन विचारायचं. मेंदूला मार बसला की कधी कधी एकच शब्द शिल्लक राहतो आणि तो सगळ्याला लागतो, म्हणून.

“हो,” मी म्हणाले.

विचारले नव्हते. आनंदात राहूनच गेले. नंतर विचारीन म्हटलं, आणि ते नंतर काही आलं नाही.

तवनाप्पा मगदूम चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग जोडणारे-दुरुस्त करणारे. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचे, असं अक्काताई सांगायच्या. स्वभावाने कडक. एकदा नाही म्हटलं की नाही. सहा वर्षांपूर्वी एकुलता एक मुलगा सुकुमार, त्याने जातीबाहेरची मुलगी केली म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो पुण्याला. घरी पत्र आलं की न फोडता चुलीत. हे सगळं अक्काताईंनी मला तिसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, कारण त्या दिवशी मी त्यांना नवऱ्याला कुशीवर वळवायला शिकवत होते आणि त्या कामात दोन बायका जवळ येतातच.

दर दोन तासांनी कूस बदलायची. लुळा हात ओढायचा नाही, खांद्याखालून उचलायचा. उशी कुठे, गुडघा कसा. अक्काताई एकदा दाखवलं की शिकायच्या. साठीची बाई, पण हात असा चालायचा की मला आमच्या बॅचच्या निम्म्या मुली आठवून लाज वाटायची. “बस तू, मी करतो,” म्हणायच्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. मला पहिला महिनाभर हसू यायचं. नंतर मीही एकदा घरी पत्रात ‘मी बरा आहे’ लिहिलं आणि आईने काळजीचं पत्र पाठवलं.

दुपारी त्या माझ्यासाठी डबा आणायच्या. चपाती, दोडक्याची नाहीतर मुगाची भाजी. कांदा नाही, बटाटा नाही, जैनांचं घर. मी म्हणायचे, “अक्काताई, एकदा तरी कांद्याची भजी आणा हो.” त्या म्हणायच्या, “पाप लागंल मला. तुझं तू खा जा हाटेलात.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच त्यांनी मला हॉटेलातली कांदाभजी कागदात बांधून आणून दिली, हाताला लागू नये म्हणून कागद दोन बोटांत धरून. मला लेक म्हणायच्या. मी ते खरं धरलं, यात माझं काय चुकलं?

गिळण्याचं सगळ्यात कठीण होतं. रोज सकाळी मी आबांना उशांना टेकवून ताठ बसवायची, चमचाभर पाणी जिभेवर सोडायची आणि दोन बोटं गळ्यावर ठेवून कंठ वर उचलला जातो का ते बघायची. मग त्यांना ‘आ’ करायला लावायची. आवाज ओला, घरघरता आला की समजायचं, पाणी भलत्या वाटेने चाललंय. पातळ ते सगळं फुप्फुसात जाण्याचा धोका. घट्ट मात्र जायला लागलं होतं. नाकातली नळी निघाली, तेव्हा मी अक्काताईंना सांगितलं, “श्रीखंडाइतकं घट्ट. चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. नाचणी चालेल, मऊ भात कुस्करून चालेल. उजव्या गालात घास साठतो, तो बोटाने काढायचा. आणि पातळ काही नाही. पाणी नाही, दूध नाही, चहा नाही.”

“च्या बी न्हाई?”

“चहा तर मुळीच नाही.”

“आगं, दिसाला सा कप लागायचा ह्यास्नी. कारखान्यात गिलास हातात घेऊनच हिंडायचे.”

“देऊ ना. आणखी पंधरा दिवस. मी स्वतः पाजीन पहिला घोट.”

पलंगाच्या डोक्याशी मी पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं, ‘पातळ काही देऊ नये. आधी सिस्टरना विचारा.’ अक्काताईंना लिहिता-वाचता यायचं, जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. तरी रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. सूर्य मावळला की त्या स्वतः पाणीसुद्धा घेत नसत, आणि मावळायच्या आत आपण चहा घ्यायचा आणि नवऱ्याने नुसतं बघायचं, हे त्यांना सोसत नव्हतं.

सुकुमार आला तो अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. ऑफिसच्या कामाने तो बाहेरगावी होता आणि निरोप उशिरा पोचला, असं म्हणाला. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, हातात नवा कोरा थर्मास. आल्या आल्या आईच्या हातात थर्मास दिला आणि वडिलांच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला. जवळ जायचं धाडस होईना त्याला.

तो दिवस त्यांच्यात क्षमा मागण्याचा असतो. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून म्हणायचं, क्षमा करा. सकाळपासून वॉर्डात येणारे मगदूमांचे नातेवाईक एकमेकांना हात जोडत होते. मलाही दोघांनी क्षमा मागितली, ज्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

सुकुमारने वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. लुळ्या पायावर ठेवलं, पण ते त्याला कुठून कळणार. मग वर बघत म्हणाला, “आबा, लई दुखावलं तुमास्नी. मला क्षमा केली न्हवं?”

“व्हय,” आबा म्हणाले.

समोरच्या पलंगावरचा फ्रॅक्चरचा म्हाताराही डोळे पुसायला लागला. सुकुमार वर सरकून उशीवर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देत होता आणि आबांचा चांगला डावा हात त्याच्या केसांत पडला होता. तो हात मीच पाच मिनिटांपूर्वी उशीवर ठेवला होता, पण मलाही तेव्हा तो आपण होऊन गेल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अस्वस्थ होते. मी विचारलं, “दुखतंय का आबा?”

“व्हय.”

“कुठे? खांद्यात?”

“व्हय.”

“का पोटात?”

“व्हय.”

मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. मऊ होतं. खांदा हलवून पाहिला, कपाळावर आठी नाही. तेव्हा मला उलटे प्रश्न आठवले. मी त्यांच्या डोळ्यांत बघून सावकाश विचारलं, “आबा, तुमचं नाव शंकर का?”

“व्हय.”

“आपण आत्ता मुंबईत आहोत का?”

“व्हय.”

“मी तुमची बायको का?”

“व्हय,” आबा म्हणाले. अगदी त्याच ठणठणीत आवाजात.

मागे अक्काताई उभ्या होत्या. हातात नाचणीची वाटी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, त्यांच्याकडे एवढा एकच शब्द उरलाय. प्रश्न कळतो असं नाही. नोंद बदलायला हवी, डॉक्टरांना सांगायला हवं, म्हणजे बोलण्याचे व्यायाम वेगळे देता येतील.

अक्काताईंनी वाटी खिडकीत ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. “सुकुमारला नगो सांगू.”

“अहो, पण...”

“सा वरसं ते पोरगं वाट बघालतं. काल रातच्याला पयल्यांदा पोटभर जेवलं. येवढं एक ऱ्हाऊ दे त्येचं. आनि माझं बी.” मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “मी बी इचारलं हुतं ह्यास्नी. चाळीस वरसं नीट केलं न्हवं तुमचं म्हणून.”

मी शब्द दिला. नोंद आहे तशी राहील, कुणाला कळणार नाही, असं म्हणाले. मनात म्हटलं, काय बिघडतंय, आबांची शुश्रूषा मी करतेच आहे. कुरणे सिस्टरांशी खोटं बोलले होते तेही झाकलं जाणार होतं, हेसुद्धा कबूल करते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मला कायम करणार होते आणि कुरणे सिस्टरांच्या शिफारशीवर सगळं अडलेलं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी माझी दुपारची ड्यूटी. पावणेसहाला मी शेवटच्या पलंगावरच्या रुग्णाची जखम बांधत होते, तेवढ्यात आबांच्या बाजूने खोकला ऐकू आला. कोरडा नव्हे. बुडणाऱ्या माणसाचा असतो तसा, तोंडात भरलेला. मी चिकटपट्टी तशीच सोडून धावले. आबांचे ओठ निळे पडलेले, डोळे बाहेर आलेले. मी त्यांना पुढे झुकवलं, सक्शन मशीन लावून घशातलं सगळं ओढून काढलं. बाटलीत तपकिरी पाणी आलं. दहा मिनिटांनी रंग परत आला, पण श्वासाला घरघर लागली ती लागलीच.

सुकुमार तेव्हा बाहेर औषधाच्या दुकानात होता. अक्काताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“काही दिलंत का यांना?”

“न्हाई गं पोरी. नुसताच ठसका लागला.”

आबांच्या गळ्याखालच्या टॉवेलवर चहाचा डाग होता. खिडकीत स्टीलचा पेला उपडा घातलेला होता आणि त्याच्याखाली पाण्याचं ओलं कडं उमटलं होतं. शेजारी नवा थर्मास. मी पेल्याकडे बघितलं, अक्काताईंनी माझ्याकडे बघितलं. मी आणखी काही विचारलं नाही. बाई घाबरलीय, शांत झाली की आपणच सांगेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एकशे तीन ताप. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. डॉक्टर आवटे बाटलीतलं बघून म्हणाले, “ह्यांना चहा पाजलाय कुणीतरी.” सुकुमार ते ऐकून भडकला. वॉर्डभर ओरडत फिरला, की बोर्ड लावून ठेवता आणि लक्ष कोण देतं, ड्यूटीवर कोण होतं, नाव सांगा, मी वरपर्यंत जाणार. तीन दिवस आबांची तब्येत नुसती टांगलेली होती. त्या तीन दिवसांत मी रोज आठ-आठ तास त्यांच्याजवळ होते, दर तासाला छाती थापटत होते. अक्काताई समोर बसायच्या. डबा आला नाही. माझ्याशी एक शब्द नाही. मी समजून घेत होते. काय काय समजून घेत होते मी!

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि सकाळी अकराला डॉक्टर, कुरणे सिस्टर, सुकुमार, अक्काताई असे सगळे आबांच्या पलंगाभोवती उभे राहिले. पडदा ओढलेला. मला बोलावलं.

डॉक्टरांनी सरळ विचारलं, “त्या दिवशी चहा कोणी दिला?”

मी अक्काताईंकडे बघितलं. आता सांगतील. सुकुमारचा हात धरून सांगतील, चुकलं बाबा, राहवलं नाही. मीही म्हणणार होते, डॉक्टर, त्यांचं काय चुकलं, सहा कप पिणारा माणूस तो.

अक्काताई म्हणाल्या, “ह्या सिस्टरनं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“ह्या म्हणल्या, आता जरा जरा च्या चालतोय. माझ्याकडनं थर्मास घेतला आनि पाजला. मी नगो नगो म्हणत हुतो.”

“अक्काताई!” माझा आवाज चिरका झाला. “मी तेव्हा तिकडे जखम बांधत होते. अहो, मी कशाला...”

“तूच म्हणलीस न्हवं, पयला घोट मी पाजनार म्हणून?”

म्हटलं होतं. मी ते म्हटलं होतं आणि शेजारच्या पलंगांवरच्या दोघांनी ते ऐकलेलं होतं. सुकुमारने दात आवळून माझ्याकडे बघितलं. कुरणे सिस्टरांच्या कपाळावर एक शीर होती, ती तेवढी उडत होती.

“सिस्टर खोटं बोलते की तुम्ही, हे मला कसं कळणार?” डॉक्टर वैतागून म्हणाले.

आणि मग अक्काताईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “मग ह्यास्नीच इचारा की.”

एवढंच. ह्यांनाच विचारा.

जगात दोनच माणसांना माहीत होतं, की त्या माणसाला काहीही विचारलं तरी तो काय म्हणेल. त्यांतली एक मी. दुसरी माझ्यासमोर उभी राहून म्हणत होती, ह्यांनाच विचारा. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. त्या क्षणी कळलं की आधी दुखत नाही, आधी नुसतं आश्चर्य वाटतं.

डॉक्टरांनी नोंदीचे कागद चाळले. “हो-नाही भरवशाचं,” त्यांनी वाचलं. “ही सही तुझीच ना?”

“हो,” मी म्हणाले.

ते आबांवर वाकले. “आबा, त्या दिवशी चहा ह्या सिस्टरने पाजला का?”

“व्हय.”

सुकुमार म्हणाला, “बास. आनि काय पायजे?”

माझी नोकरी तिथेच संपली होती. कायम होणं तर सोडाच, अनुभवाचा दाखलाही कुणी दिला नसता. मनमाडला परत जाऊन काय सांगणार होते, की रुग्णाचा जीव घेत होते म्हणून काढलं? मी अक्काताईंकडे पुन्हा बघितलं. मला वाटलं होतं त्या खाली बघत असतील. नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या, ओले डोळे, मान किंचित हलवत, नको, नको अशी. त्यांना भीती नव्हती. त्यांना खात्री होती. ही पोर शब्द पाळणारी आहे, ही बोलणार नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती. त्या भरवशावरच त्यांनी माझ्या गळ्यावर पाय ठेवला होता.

कुणीही म्हणेल, म्हातारी घाबरली असेल. सहा वर्षांनी परत आलेला मुलगा, तूच आबांना मारायला निघालीस म्हणून पुन्हा उठून जाईल, असं वाटलं असेल. मला सगळं कळतं. तेव्हाही कळत होतं. पण तिने दुसरं कुणाचंही नाव घेतलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. मी तिची लेक होते.

मी पलंगाजवळ गेले. आबांचा चांगला हात हातात घेतला.

“आबा, तुमचं नाव शंकर का?”

“व्हय.”

“शैला,” अक्काताई म्हणाल्या. पहिल्यांदा नावाने.

“आबा, चहा डॉक्टरांनी पाजला का?”

“व्हय.”

“सुकुमारने पाजला का?”

“व्हय,” आबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले. इतकी माणसं गोळा झालेली बघून त्यांना बरं वाटत होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. कुरणे सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेत मला त्या सकाळचा माझा ‘हो’ स्पष्ट दिसला. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं आणि त्याचं मला त्या वेळी काही वाटत नव्हतं. मी सुटले होते. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

मग सुकुमार पुढे आला. माझ्या शेजारी उभा राहिला. त्याचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. मग हळूहळू त्याला उमगत गेलं. तो वडिलांवर वाकला आणि अगदी हळू, जणू आम्ही कुणी तिथे नाहीच, असं विचारलं :

“आबा, तुमी मला क्षमा न्हाईच केली, व्हय?”

“व्हय,” आबा म्हणाले.

सुकुमार सरळ उभा राहिला. त्याने पडदा बाजूला केला आणि तो निघून गेला. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

त्यानंतरचं सगळं नेहमीसारखं झालं. चहा कोणी दिला, हे अक्काताईंना पुन्हा कुणी विचारलं नाही. गरजच उरली नव्हती. कुरणे सिस्टरांनी मला ऑफिसात उभं करून एक ओळ खोडायला लावली आणि शेजारी नवी लिहायला लावली. म्हणाल्या, “चहाचं बालंट गेलं. पण हे तुझं स्वतःचं आहे. मी शिफारस देणार नाही.” बरोबरच होतं त्यांचं. महिनाभराने मी दुसऱ्या गावी दुसरी नोकरी धरली. आज पंचवीस वर्षं झाली, मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. त्यांना पहिलं वाक्य सांगते, प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावायचा नाही. मुली वहीत लिहून घेतात. का ते मी सांगत नाही.

आबा बरे झाले. बरे म्हणजे घरी जाण्याइतपत. सुट्टी मिळाली त्या दिवशी सकाळची ड्यूटी माझीच होती आणि घरी काय काय करायचं ते नातेवाइकांना समजावून देणं हे माझंच काम होतं. सुकुमार आला नव्हता. एक भाचा रिक्षा घेऊन आला होता, तो खाली थांबला होता.

मी अक्काताईंना सगळं सांगितलं. दोन तासांनी कूस. खांद्याखालून उचलायचं. श्रीखंडाइतकं घट्ट. उजव्या गालातला घास. त्यांनी एकेक गोष्ट ऐकून घेतली, मान हलवली, पाठ म्हणून दाखवली. कुठेही चुकल्या नाहीत. मला ओळखत नसल्यासारख्या बोलत होत्या आणि मीही कागदावर बघूनच बोलत होते. माझ्या मनात होतं, आता म्हणेल. एवढंच म्हणेल, पोरी, चुकलं. त्यांच्यात तर त्याचा खास दिवस असतो. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू.

आबांना खुर्चीवर बसवलं. मी त्यांच्या मांडीवर शाल नीट केली. अक्काताईंनी थर्मास पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. वळल्या.

“पोरी,” म्हणाल्या, “तू शब्द दिला हुतास न्हवं?”

रागाने नाही. अगदी साधं, जेवलीस न्हवं, असं विचारावं तसं.

मला खूप काही म्हणायचं होतं. पेला कोणी उपडा घातला, हे विचारायचं होतं. लेक म्हणताना खरं म्हणत होता का, हे विचारायचं होतं. पण तिने मला विचारलं होतं ते हो-नाहीचंच होतं, आणि त्याचं उत्तर एकच होतं.

“हो,” मी म्हणाले.